तांडेलांचं कोरडं बंदर

मंडळी, बसून घ्या. मागे उभे आहात त्यांनी पुढे या, खुर्च्या आहेत. गुरुग्रामहून, मुनिरक्याहून एवढ्या धुरक्यात तुम्ही फरीदाबादला आलात. तांडेल असते तर त्यांनी आधी चहाचं विचारलं असतं. मला बोलायला उभं केलंय, पण खरं सांगतो, बोलवत नाही. भिंतीला भिंत लागून राहिलो, म्हणून बोलतो.

दत्ताराम तांडेलांना तुम्ही सगळे ओळखता. तुमच्यातल्या कितीतरी घरांत त्यांनी रंगवलेलं बंदराचं चित्र लावलेलं आहे. दरवेळी तेच बंदर, त्यांच्या आजोबांच्या काळातलं. दगडी धक्का, मिठाची वखार, किल्ल्याचा बुरूज आणि गलबतं. वडील कोकणात गलबतांवर वेलबुट्टी रंगवायचे, हात तिथलाच. इथे सरकारी नोकरीत पाट्या रंगवल्या. घरी आले की बंदर.

त्यांची पद्धत ठाऊक आहे ना? पाणी शेवटी. आकाश, धक्का, माणसं, गलबतं, सगळं आधी. मग एक दिवस वहिनी नारळ आणायच्या, तांडेल तो वाढवायचे, आणि त्याच दिवशी पाणी भरायचे. पाणी भरलं की चित्र घरात ठेवायचं नाही. पाण्यात उतरवलेलं गलबत दारात बांधून ठेवू नये, म्हणायचे. त्या दिवशी आमच्या घरी खोबरं यायचं.

या हवेनं त्यांची छाती खाल्ली. दुसरं काही नाही. स्पष्ट बोलतो, मला राग आलाय. डॉक्टर दर हिवाळ्यात बजावत होते, समुद्राकाठी जा. मीही भांडलो. अहो, स्वतःचं गाव आहे तुमचं, मग इथे कशाला मरताय? तेव्हा त्यांनी सांगितलं, की एकदा जाऊन आलो. खाडी गाळानं भरली, धक्का मातीखाली गेला, वखारीचा मागमूस नाही.

"तिथे आता पाणीच नाही हो," म्हणाले. "आहे ते माझ्याकडे."

  ते इथेच राहिले. खोकत, नाकात नळी घालून, रंगवत.

हे माझ्या मागचं चित्र शेवटचं. आपल्या मंडळाच्या या हॉलसाठी काढत होते. नीट बघा. सगळं आहे. पाणी नाही. गलबतं कोऱ्या कापडावर उभी आहेत.

कमिटीत विषय निघाला. चांगला आर्टिस्ट बघू, निळा रंग भरून घेऊ, बिल्कुल कळणार नाही. मलाही पटलं. अर्धवट काही मागे राहू नये, असं आपल्यात म्हणतात. नारळ घेऊन मीच वहिनींकडे गेलो. त्यांनी नारळ ठेवून घेतला.

"पाणी भरलं की चित्र घरातून जातं, भाऊजी," म्हणाल्या. "हे जाऊ नये. सभेपुरतं न्या, आणि तसंच परत आणा."

मंडळी, हॉलची ही भिंत रिकामी राहील. राहू दे. उद्या कुणी निळ्या रंगाचा विषय काढला, तर गाठ माझ्याशी आहे. नारळ वहिनींजवळ आहे, तो वाढवायचा नाही.

आता उभे राहूया. फोन बंद करा. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका.

तांडेल, नमस्कार. चित्र संध्याकाळी घरी पोचवतो.