बर्फावर जाण्याआधी

आखातातल्या हवल्ली शहरातल्या दवाखान्यात फिटनेसच्या तपासणीला आलेला जयराम सुतार आणि त्याचा गाववाला भिवा बाकावर बसून बोलत होते. रसिका सिस्टरचे हात फायलींत होते, कान तिकडे.

“उत्तर ध्रुवाकडे? एवढ्याशा शिडाच्या यॉटमधून?”

“मालकाची हौस. मी सोबतीला.”

“तूच का रे?”

“तिचा तळ मी दुरुस्त केलाय. बर्फ लागून फुटला तर बुजवणार कोण?”

“वहिनीला सांगितलंस?”

“सांगितलं की. थंड हवेच्या ठिकाणी जातोय म्हणून.”

“आणि बर्फाचं?”

“ते तू सांग, मी निघाल्यावर.”

“मी? सोलून काढेल ती मला! त्यापेक्षा मीच येतो यॉटमधून.”

रसिकानं दुसरा फॉर्म काढला.

“भाऊ, तुमचं पूर्ण नाव सांगा.”