काट्यांचा मासा

पनवेलच्या एस.टी. स्थानकासमोरील एसटीडी बूथवर प्रभाकरपंत आपल्या पाळीची प्रतीक्षा करीत तिष्ठत होते. त्यांच्यापुढील उरणकडचे वृद्ध कोळी दांपत्य जपानमधील आपल्या पुत्राला फोन करून नुकतेच बाहेर आले होते. बोलणे म्हाताऱ्यानेच उरकले होते. मालूबाईच्या वाट्याला नुसते उभे राहणे आले होते.

"काय बोलला हरेश?"

"दर रविवारी हाटेलात जातो. दोस्त, बायको, सासूसासरे, सगली मिलून."

"काय खातान?"

"भाताच्या मुटक्यावर मच्छी. सुशी बोलतान तिला. कच्चीच खातान."

"कच्ची? चूल पेटवाला वेल नाय का त्यांना?"

"आवडते बोलला."

"कोल्याचा पोर नि कच्ची मच्छी खातो! शेजारनीला सांगू नका."

"मी कशाला सांगतो?"

"आनि काटं? त्याला काढता येत नाय. मिशी फुटली तरी मीच काढून द्याची."

"त्या मच्छीत काटाच नसतो, बोलला."

मालूबाईने पदराचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले.

"गावाला कदी येतो?"

"बगू, बोलला."

"परत लावा फोन."

"येरी हायस काय? मागं मानसं उभी हायत."

प्रभाकरपंत अदबीने बाजूला सरले.

"आधी तुमचं होऊ द्या, मावशी. मला घाई नाही."

या खेपेस रिसीव्हर तिने स्वतःच्या हाती घेतला.

"हरेश, तुजी आय बोलते. बाजारात भिंग मासा आलाय. काट्यांचा हाय रं पोरा, लय काट्यांचा."