हाकेला येणारं कुत्रं

(निमगाव केतकीबाहेरची वस्ती, रविवारची सकाळ. निकिता आठवडाभर बारामतीच्या एमआयडीसीत कामाला असते; ती नुकतीच घरी आलीय. अंगणात तिचा चुलता रामहरी, म्हणजे तात्या, आणि चुलती छबूबाई.)

निकिता : आलाच न्हाय! किती हाका मारल्या तात्या. "भुंग्या, ये रं राजा, ये." माझ्याकडं बघितलं, शेपूट पायात घातली आणि गोठ्यामागं ट्रॉलीखाली जाऊन बसला.

तात्या : ऊन लागलं आसंल. जनावर हाय, कधी येतं, कधी न्हाय. तू आधी च्या घे.

निकिता : कधी येतं, कधी न्हाय? भर बाजारात मटणाच्या दुकानापुढनं आलंय माझं कुत्रं! तोंडातलं हाडूक टाकून आलंय. तुमीच कासऱ्याचं दुसरं टोक धरून उभं होता की.

तात्या : हुतो की. मी कुठं न्हाय म्हणतोय?

निकिता : आधी अंगणात, मग कालव्याच्या चारीवर, मग मेंढरांच्या कळपात, मग बाजारात. सगळा उन्हाळा घातला त्यात. मेंढरामागं पळता पळता उसाच्या ट्रॅक्टरखाली जाता जाता वाचलं होतं, म्हणून हाकेला यायला शिकवलं. आणि आज घरच्या अंगणात येईना?

छबूबाई : सांगा की वो आता.

तात्या : तू गप गं.

निकिता : काय सांगा? काकू, त्याच्या नाकाला काय झालंय? सोललंय सगळं.

तात्या : कुपाटीची तार लागली.

छबूबाई : खोटं बोलू नगा पोरीशी. आज ना उद्या कळायचंच हाय. निकिता, परवा बिबट्या धरला न्हवं का?

निकिता : व्हय, फोटो बघितला की ग्रुपवर. तात्यांच्या गळ्यात हार. कंपनीत लाईनवरच्या सगळ्या पोरींना दाखवला मी. माझा चुलता हाय म्हणलं.

छबूबाई : त्या पिंजऱ्यात भुंग्या हुता.

निकिता : काय?

छबूबाई : मागल्या कप्प्यात. बिबट्यानं यावं म्हणून.

निकिता : शेळी होती ना? तात्या, तुमीच फोनवर म्हणालात, सारजाकाकूंची शेळी बांधलीय म्हणून.

तात्या : बांधली हुती. ती बया रातभर रवंथ करत बसली, तोंडातनं बें म्हणून काढंना. सकाळी सारजा आली आन् सोडून घेऊन गेली. गाभण हाय म्हणली, भ्यानं गाभ टाकला तर? वनखात्याचा माणूस म्हणला दुसरी शेळी बघा. कोण देतंय? तवर शेजारच्या इंद्रजितचं वासरू बिबट्यानं नेलं. लेकरं शाळंला त्याच उसाच्या कडंनं जात्यात गं. आपल्या घरची राजलक्ष्मी बी जाती. माझ्या डोळ्याला डोळा न्हवता. मग पारावर कोणतरी म्हणलं, बिबट्याला कुत्र्याची लई गोडी आसती.

निकिता : गावात कुत्री काय थोडी हायत? भुंग्याच का?

तात्या : बाकीची हाताला लागत्यात व्हय? दोरी बघितली की पसार. हाकेला येणारं एवढंच.

निकिता : म्हणजे मी शिकवलं म्हणून.

तात्या : तसं न्हाय गं...

निकिता : कसं मग? उनाड राहिलं असतं तर वाचलं असतं बिचारं. तुमच्या हाकेला विश्वासानं आलं आणि तुमी आत ढकललंत.

छबूबाई : ह्यांच्या हाकेला न्हाय आलं ते.

तात्या : छबे!

छबूबाई : आता माझ्यावर कशाला खेकसताय? करून सवरून बसलाय, ते निस्तरा. निकिता, पिंजऱ्यापशी त्यानं पाय रोवलं. वास लागला आसंल. गळ्यातली दोरी हिसडून बांधावर जाऊन हुबं ऱ्हायलं. ह्यांनी हाका मारल्या, भाकरी दाखवली, कोंबडीचं काळीज दाखवलं. जागचं हालंना.

निकिता : मग?

छबूबाई : तुमी सांगा. मला न्हाय सांगवत.

निकिता : तात्या, मग?

तात्या : मोबाइल लावला.

निकिता : कसला मोबाइल?

तात्या : तूच पाठवलं हुतंस न्हवं. तुझी हाक. तू बारामतीला आसताना त्याची सवय मोडू नये म्हणून.

निकिता : माझं रेकॉर्डिंग?

तात्या : आत, पार मागं ठिवला मोबाइल. आन् लावला. कान टवकारलं त्यानं... आन् पळत आलं. सरळ आत गेलं. तुलाच हुडकत हुतं आत.

निकिता : अरे देवा! माझ्या आवाजात? तात्या, माझ्या आवाजात बोलावलं त्याला?

तात्या : दुसरं काय सुचंना गं.

निकिता : एकच गोष्ट सांगितली होती मी तुमाला. ह्या हाकेनं बोलावलं की मारायचं न्हाय, बांधायचं न्हाय, रागवायचं न्हाय. आंघोळ घालायची असली तरी आपण उठून त्याच्याकडं जायचं, हाक मारून आणायचं न्हाय. ही हाक म्हणजे त्याच्या भल्याचीच. तुमी मान डोलावली होती, ह्याच कट्ट्यावर बसून!

तात्या : मग लेकरू का कुत्रं? सांग. उद्या एखादं लेकरू नेलं आसतं म्हंजी?

निकिता : लेकरूच, तात्या. कोण न्हाय म्हणतंय? पण मला एक फोन करायचा.

तात्या : तू दिलं आसतंस?

निकिता : न्हाय दिलं असतं.

तात्या : मग?

निकिता : मग भांडले असते. रडले असते. रजा टाकून आले असते आणि दारोदार फिरून शेळी आणली असती. त्यातनंही तुमी वढून नेलं असतं, तर निदान म्हणता आलं असतं, तात्यांनी जबरदस्तीनं नेलं. बाप गेल्यापासनं तुमच्या शब्दावर चालले मी. नोकरी धरली ती तुमाला विचारून. खोली घेतली ती तुमाला दाखवून. आणि तुमी माझा केसानं गळा कापलात.

तात्या : आसं बोलू नगं. त्याच्या जिवाला काय झालं न्हाय. मधी लोखंडी जाळी हुती.

छबूबाई : व्हय, जाळी हुती. आन् त्यो बिबट्या रातभर त्या जाळीला पंजं मारत हुता. हितवर आवाज येत हुता. ह्ये उठून बसायचं, परत आडवं व्हायचं. मी म्हणलं, जावा, सोडवून आणा, तर म्हणलं, आता कसं सोडवू, बिबट्या आत हाय.

तात्या : दिवस उगवायला पिंजरा न्यायला वनखात्याची गाडी आली. मागचं दार मीच उघडलं. मांडीत शिरलं माझ्या. थरथर कापत हुतं. सोडंचना.

निकिता : आणि मग तुमी हार घालून घेतलात.

तात्या : लोकांनी घातला गं. काढून टाकायचं बी धाडस झालं न्हाय. पोरी, पाया पडू का तुझ्या?

निकिता : नका. वडीलमाणसं तुमी, वर आणि ते पाप नको मला. त्याला बोलवा.

तात्या : आं?

निकिता : बोलवा त्याला. तुमी. बघू दे मला.

तात्या : आता कशाला... बरं. भुंग्या! ये रं. ये.

छबूबाई : आलं! आलं बघ, निकिता! कसं शेपूट हालवतंय!

तात्या : आरं... माझ्याकडं कसं आलं ह्ये? मीच तर आत घातलं ह्याला. माझा हात चाटतंय, बघ की.

निकिता : ते तुमाला माहीत. मला माहीत. त्याला काय माहीत? आत बोलावलं ते मी. दार उघडलं ते तुमी.

तात्या : नरसिंहा, देवा!

छबूबाई : आता डोळं पुसून काय उपेग? भाकरी घाला त्याला. ही घ्या.

तात्या : निकिता, परत शिकवू की आपण. अंगणापासनं. मी कासरा धरतो, तू म्हणशील तसं करतो.

निकिता : तुमच्या हातात मी परत दोरी देईन व्हय, तात्या?

छबूबाई : काय म्हणालीस? आन् तितं लांब भिंतीला का हुबी ऱ्हायलीस? मोठ्यानं बोल की, ऐकू येईना.

निकिता : हळूच बोलू द्या, काकू. खातोय ना त्यो. माझा आवाज आला तर उठून जाईल.