सत्ताविसावं पाखरू

नाही, तुम्ही हसा, हसा खुशाल, पण तुम्हाला सांगतो, मी शिडी ओळखण्यात नापास झालो! मी! पंचेचाळीस वर्षं लोकांच्या भिंती रंगवतोय, निम्मं आयुष्य शिडीच्या पायरीवर गेलं, आणि हा तळहाताएवढा फोन मला सांगतो की तुम्हाला शिडी कळत नाही, म्हणजे तुम्ही माणूसच नाही! शाळेत मी कधी गेलोच नाही, त्यामुळे नापास व्हायची सवय नाही मला...

थांबा, पहिल्यापासून सांगतो. माझं बोलणं जरा हळू आहे, पण एकदा सुरू झालं की थांबत नाही, तेवढं सांभाळून घ्या.

तर माझा एक जोडीदार. त्याला सगळे खांब म्हणतात, कारण मी वर चढून रंग मारायचा आणि त्याने खाली शिडी धरून उभं राहायचं, दिवसभर, हलायचं नाव नाही, एकदा वरून अख्खा डबा त्याच्या अंगठ्यावर पडला तरी एक हात सुटला नाही, फक्त मला तीन शिव्या दिल्या आणि पुन्हा उभा. मला म्हणायचा पाखरू. संध्याकाळी मी ब्रश खाली दिला की ओरडायचा, "उतरलास का रे पाखरा?" आणि कानाने जरा कमी ना, म्हणून माझ्या पायाला हात लावून बघायचा, पाय जमिनीवर टेकलाय ना, आणि मगच शिडी सोडायचा. तीन वर्षांपूर्वी त्याचे गुडघे गेले, तोही गेला, म्हणजे लेकीकडे गेला हो, दोन दिवसांच्या प्रवासावर! पण सवय कुठली जायला? रोज संध्याकाळी सहाला फोनवर त्याचा आवाज यायचा, "उतरलास का?" मी बोट दाबून बोलायचो, "उतरलो." संपलं. तीन वर्षांत याच्यापलीकडे एक शब्द नाही, आणि तुम्हाला सांगतो, तेवढ्यावर मी निर्धास्त चढायचो. हल्ली शिडी धरायला कोणी देत नाहीत. ठेकेदार म्हणतो, "काका, शिडीला आता रबराचे पाय असतात." असतात ना! पण रबर कधी विचारतं का, उतरलास का म्हणून?

आता हे सगळं चालायचं जुन्यावर. जुनं म्हणजे फोनमधलं ते हो, ज्याच्यावर अख्खं जग आहे, लग्नाचे फोटो, बारशाचे फोटो, भांडणं, माफ्या, सगळं. मला वाचता येत नाही, पण तिथे मी चित्रांवरून फिरायचो. रंगाचा डबा दिसला की खांब, गुलाब दिसला की बहीण, नुसता चष्मा दिसला की ठेकेदार. आंधळ्याला आपल्या घरात काठी लागत नाही, तसं. आणि एक दिवस खांबाचा आवाज, "पाखरा, नात म्हणते सगळे नव्यावर चाललेत. आम्ही पण रविवारी जाणार. तू ये!" मी म्हटलं येतो. मला वाटलं, पत्ता कळवेल!

सोमवारी सहा वाजले. आवाज नाही. मीच म्हटलं, "उतरलो." एकच बरोबरची खूण, एरवी पोचलं की दोन यायच्या. मंगळवारी एकच. बुधवारी बघतो तर रंगाचा डबा गायब, आणि डब्याच्या जागी एक करडा माणूस! ना डोळे, ना नाक, ना तोंड! कोणीतरी चेहऱ्यावर प्रायमरचा हात मारून दुसरा हात द्यायला विसरला असावा, असा. फोन हातातून पडला माझ्या. गोळा केला, नंबर लावला, तर एक बाई गोड आवाजात म्हणते, "आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही."

"अस्तित्वात नाही म्हणजे गं काय?" मी आमच्या हिला विचारलं.

"नाही म्हणजे नाहीच."

"गेला गं खांब!"

"कुठे जातोय! मेलेला माणूस कधी फोटो बदलतो का? हात धुवा, जेवायला बसा."

आता बोला! पण घास उतरेना. एक भीती ही की त्याचं काही झालं, आणि दुसरी त्याहून मोठी, की तो तिकडे बसून माझी वाट बघत असेल, सहा वाजले, सात वाजले, पाखरू बोलत नाही, म्हणजे पाखरू पडलं! तो माणूस शिडी सोडणार नाही हो. तिथे बसल्या जागी धरून बसेल.

सूनबाईला म्हटलं, मला नव्यावर घेऊन चल. ती बिचारी दवाखान्यात परिचारिका, आठवडाभर दुहेरी पाळी, डोळे मिटत मिटत म्हणाली, "बाबा, रविवारी नक्की देते करून." रविवार! मधे तीन संध्याकाळी!

कामावर तर रोज हाच विषय. आम्ही एक रिकामं घर रंगवतोय, मी, सुतार आणि वायरिंगवाला. सुतार रंधा मारता मारता म्हणतो, "हॅट! जुन्याला कोण हलवतंय? सगळी दुनिया बसलीय तिथे. असली नवी छपन्न आली नि छपन्न गेली!" वायरिंगवाला वरून म्हणतो, "दुनियेला उठायला किती वेळ लागतो? ट्रक लागतो का बोलवायला? एक बोट लागतं!" सुतार म्हणतो, "मी मरेपर्यंत जुन्यावर." तो म्हणतो, "मग एकटेच बसा खुंट्या मोजत." मी मधे पुट्टी घासत विचारायचो, "पण मला सांगा, सगळे तिकडे गेले तर?" सुतार रंध्याला लागतो, हा वायर ओढतो. अहो, मला विचारा ना! मी आयुष्यभर रिकाम्या घरांतच कामाला जातो. घर रिकामं होताना कोणी दवंडी पिटत नाही. आधी घड्याळ जातं, भिंतीवर गोल डाग राहतो. मग पाळणा जातो, मग कपाट, आणि घरातला म्हातारा म्हणत असतो, हे काय, सगळे आहेत की इथेच! आणि एके दिवशी तो हाक मारतो तर हाक भिंतीला आपटून परत येते. जुन्यावर मला तसंच दिसायला लागलं हो. गुलाब गेला. चष्मा गेला. जिकडे बघावं तिकडे करडी माणसं, रांगेने, प्रायमर मारलेली... मी आत जातानासुद्धा दबकत जायला लागलो.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी वायरिंगवाल्यापुढे फोन धरला. म्हटलं, "बाबा रे, मला आत्ता तिकडे पोचव." त्याने काय काय दाबलं आणि म्हणाला, "हं, आता लिहिलंय, तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा."

"कोणापुढे?"

"फोनपुढे. नऊ चित्रं आहेत. ज्या ज्या चित्रात शिडी आहे, त्यावर बोट ठेवा."

मी हसलो हो! म्हटलं देव पावला, परीक्षा पण कशाची, तर शिडीची! चष्मा पुसला आणि बघायला लागलो, सावकाश, एकेक. पहिल्या चित्रात झाडाला टेकवलेली, पण पाय चिखलात. ही शिडी? हा दवाखान्याचा रस्ता! सोडली. दुसऱ्यात भिंतीला इतकी उभी लावलेली की चढणारा पाठीवरच येणार. सोडली. तिसऱ्यात आमचा घोडा, दोन पायांवर फळी टाकतात तो, त्याला कोण शिडी म्हणेल? चौथी छान होती, पाय बरोबर, कोन बरोबर, पण खाली धरायला कोणी नाही! पाचवीला कोणी नाही, सहावीला नाही... एकाही चित्रात माणूस नाही हो! मी म्हटलं, "यातली एकही नाही."

फोन थरथरला. "चूक," वायरिंगवाला म्हणाला, "पुन्हा."

पुन्हा नऊ. पुन्हा तेच, मोकाट शिड्या, धरायला कुत्रं नाही! पुन्हा चूक. तो म्हणतो, "आणा इकडे, मी दाबतो." म्हटलं, "नको! मी माणूस आहे हे दुसऱ्याने येऊन सांगायची वेळ आली तर उरलं काय?" तिसऱ्यांदाही चूक. वायरिंगवाल्याने वाचलं, "आता शेवटची संधी." शेवटची! म्हणजे यानंतर कायमचा माणसांतून बाहेर! डोळ्यांपुढे खांब आला, तिकडे हवेत हात धरून बसलेला, आणि मी डोळे मिटले आणि ज्या शिडीवर शत्रूलासुद्धा चढवलं नसतं, तिच्यावर बोट ठेवलं. दुसरीवर ठेवलं. सगळ्यांवर ठेवलं. उघडलं की दार! तुम्हाला सांगतो, उभ्या जन्मात धंद्याशी खोटं बोललो नव्हतो. बोललो, तेव्हा कुठे माणूस ठरलो.

आणि दार उघडताच समोर कोण? खांब! पडद्यावर अख्खा खांब, हसत!

मी ओरडलो, "हा बघा! जिवंत आहे!"

"अहो काका," वायरिंगवाला उडालाच, "हे तर शिडीवाले आजोबा! तुम्ही ओळखता यांना? यांच्यासाठी तर लोक जुनं सोडून येताहेत!"

झालं होतं असं, की खांबाने पहिल्याच दिवशी आपलं मला विचारलं, उतरलास का रे पाखरा, आणि ते मला एकट्याला जायच्याऐवजी गेलं साऱ्या जगाला! नातीने जुन्या सिमबरोबर माझा नंबरही टाकून दिलेला, तर हा बिचारा रोज सहाला विचारतोय, आवाज रोज जास्त घाबरा, आणि जगाला आला कळवळा! क्रेनवाला म्हणतो, "उतरलो आजोबा." काचा पुसणारी म्हणते, "उतरले आजोबा." विजेच्या खांबावरचा म्हणतो, विमानातला म्हणतो, चार लाख माणसं संध्याकाळी त्याला सांगून पाय टेकतात! तेवढ्यात मागून सुतार म्हणाला, "काल तर रडलेच होते आजोबा."

वायरिंगवाला वळला. "तुम्हाला काय माहीत? तुम्ही तर मरेपर्यंत जुन्यावर!"

"नुसता... बघायला गेलो होतो," सुतार म्हणाला आणि रंधा मारायला लागला. हातात लाकूड नव्हतं.

मी बोट दाबलं. तोंडाशी फोन नेला, म्हटलं, "खांबा, मी पाखरू. उतरलो रे." आणि थांबलो. उत्तर आलं. नातीचा आवाज, गोड, घाईतला, "थँक यू काका! सकाळपासून तुम्ही सत्ताविसावं पाखरू."

म्हटलं, "अगं, मी खरा!"

"सगळेच खरे असतात काका."

"तुझ्या आजोबांच्या अंगठ्यावर माझ्या हातून डबा पडलाय, विचार त्यांना!"

"ते त्यांनी मंगळवारीच सांगितलंय. सगळ्यांनी ऐकलंय."

"त्यांनी तीन शिव्या दिल्या होत्या!"

"त्यांचं तर गाणं झालंय काका."

मी म्हटलं, माझा फोटो पाठवतो, तो बघताच ओळखेल. म्हणाली, "फोटो हल्ली कोणीही कोणाचाही बनवतो हो. आजोबांना त्रास नको, ते फार हळवे झालेत." आणि गेली. नवीन पाखरांना उत्तरं द्यायची असतील.

मला सांगा, आता मी काय दाखवू? माणूस आहे हे दाखवलं, खोटं बोलून का होईना. पण मी मीच आहे, हे कशावर बोट ठेवून दाखवू?

सुट्टी संपली, चढलो वर. छताच्या कोपऱ्यात ब्रश फिरवतोय, शिडी रबराच्या पायांवर, खोलीत कोणी नाही, आणि सहा वाजले आणि खिशातला फोन आपोआप बोलायला लागला. खांबाचा आवाज! इतका निवांत, की कित्येक दिवसांत मी तसा ऐकला नव्हता. म्हणतो कसा, "उतरलं बरं का माझं पाखरू! आत्ताच निरोप आला. आता मी सुखाने टेकतो."

आणि मी वर!

तुम्हाला सांगतो, ब्रश टाकून मी दोन्ही हातांनी शिडी आवळली. मी वरून ओरडलो, "अरे खांबा, कोण उतरलं? मी इथे आहे!" हाक भिंतीला आपटली आणि परत आली. तो तिकडे सुखाने टेकला, ते बरंच झालं म्हणा, त्याच्या जिवाचा घोर मिटला, रागवू कोणावर? पण उद्या मी खरंच पडलो, तर? तिकडे रोज संध्याकाळी कोणी ना कोणी माझ्या नावाने सुखरूप उतरणारच आहे! त्याला कळायचंच नाही. कधीच नाही. पाच पायऱ्या उतरायला मला अर्धा तास लागला, एकेका पायरीला मिठी मारून.

रविवारी सूनबाईने दोन तास खटपट केली, हात टेकले. म्हणाली, "बाबा, तिकडे आता तुमच्या नावाचे नऊशे आहेत." जुन्यावर जाऊन बघितलं, तिथे मी एकटा, आणि प्रायमरची माणसं.

तेव्हापासून मी शिडीला हात लावत नाही. जमिनीवर उभा राहतो, हात पोचेल तिथपर्यंत रंगवतो, वरचं तसंच. काल मालकीणबाई आल्या, मान वर करून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "काका, हे काय? अर्धीच भिंत?"

म्हटलं, "बाई, हे नवं आहे. सगळे आता इकडेच चाललेत."

बाई खूश झाल्या हो! म्हणाल्या, "मग आतल्या दोन खोल्यांनाही असंच करा."