रिक्षा थांबणार नाही

नाही साहेब, थांबणार नाही! हळू करतो, तुम्ही पळत या, दांडा धरा... हां, ठेवा पाय... चढा! बसलात? लागलं नाही ना कुठे? रागावू नका. शिव्या द्यायच्या तर मनातल्या मनात द्या, मोठ्यानं नको, मागे पोरगी आहे. ती काय, माझ्या बायकोच्या, यशोदाबाईच्या मांडीवर, टोपडं घातलेली. माझी नात, मयुरीची, म्हणजे माझ्या लेकीची लेक. रिक्षा चालू आहे तोवर गप्प. थांबली की भोकाड पसरते, आणि तिला रडू द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. रडली की निळी पडते हो. आधी ओठ, मग नखं... हृदयाला भोक आहे तिच्या.

म्हणून हे असं. नशिराबाद ते जळगाव, जळगाव ते नशिराबाद, दिवसभर. पंपावर? पंपावर इंजिन बंद करावंच लागतं, तेव्हा तिथली माणसं येतात आणि दोन्ही बाजूंनी रिक्षा हलवतात! मागचा ट्रकवाला विचारतो, काय रे, बिघडली का? म्हटलं, रिक्षा ठणठणीत आहे, बाकी सगळं बिघडलंय.

आता तुम्ही म्हणाल, नवलभाऊ, मग ऑपरेशन करून टाका ना. मीही हेच म्हणत होतो! तुम्हाला सांगतो, ज्याच्याकडे गेलो तो माणूस भला, बोलायला गोड, आणि त्याचंही बरोबर आहे! प्रत्येकाचं बरोबर आहे आणि माझी पोरगी निळी पडतेय. सांगा, भांडायचं कुणाशी?

आमचे जावई हितेंद्रराव पाईपच्या कंपनीत आहेत. दर महिन्याला पगारातून विमा कापतात. कार्ड दिलंय, चकचकीत, त्यावर आई-बाप-पोरं हसतायत. लावला फोन. पलीकडे एक बाई, आवाज असा की वाटावं पेढे भरवतेय. "सर, बाळाचा आजार जन्मजात आहे, तो पॉलिसीत कव्हर होत नाही." म्हटलं मग काय होतं? "सर, जन्मानंतर झालेला आजार असेल तर बघता येईल." अहो बाई, पोर तीन महिन्यांची, जन्मानंतर आजारी पडायला तिला वेळ तरी कुठे मिळाला? आईच्या पोटात होती तेव्हाच अर्ज करायचा होता का तिनं? तर तिनं मला होल्डवर ठेवलं. गाणं लावलं! मी इकडे नातीला झुलवतोय, तिकडून गाणं... आणि गाण्याला पोरगी गप्प बसली हो, खोटं नाही सांगत. मग बाई परत आली आणि म्हणाली, "सॉरी सर." आता तिच्यावर काय चिडायचं? तिच्यासमोर जे लिहिलंय तेच ती वाचणार. तिचंही बरोबर आहे!

मग कुणी म्हणालं, सरकारी योजना आहे की! गेलो. हॉस्पिटलात योजनेचं एक टेबल असतं, तिथे चष्मेवाला तरुण माणूस. बघितलं त्यानं, म्हणाला, "काका, हे ऑपरेशन बसतं योजनेत." तुम्हाला सांगतो, मी त्याच्या पाया पडायचा बाकी होतो! "फक्त रेशन कार्डावर बाळ पाहिजे. नाव काय बाळाचं?"

नाव?

यशोदाबाईनं माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. म्हटलं, नाव अजून नाही. "घरात काय म्हणता?" बेबी. "बेबी चालत नाही काका." अरे, माझ्या रिक्षाचा परवाना तिघांचा, त्यात मी सात जण बसवतो, आणि एवढी मोठी योजना, त्यात हातभर पोरगी बसत नाही? तो म्हणे, "कुणाचं बाळ ते कळायला नको का?" आता त्याचंही बरोबर आहे...

नाव का नाही, विचारा ना. विचाराच! मागे बसलीय तिलाच विचारा. नको, राहू द्या, मीच सांगतो, नाहीतर ती मला चौफुलीपर्यंत सोडणार नाही.

साडी! साडीमुळे नाव नाही.

आपल्याकडे नाव ठेवणार आत्या. आता या पोरीची आत्या म्हणजे जावयांची बहीण, कामिनी. धुळ्याला असते. मयुरीचं डोहाळजेवण आमच्याकडे झालं, कामिनी धुळ्याहून आली, आता नणंदेला साडी नको का द्यायला? आमच्या यशोदाबाईनं कपाट उघडलं. तिथे आहेराच्या साड्यांची थप्पी, यांच्याकडून आलेली त्यांना, त्यांच्याकडून आलेली यांना, आमच्या गावात साडी नेसत कुणी नाही, ती नुसती फिरते, माझ्या रिक्षासारखी! काढली एक, कुंकू लावलं, दिली. कामिनीनं पदर उलगडला, बघितला, आणि साऱ्या बायांत म्हणाली, "मनीच साडी माले!" लग्नात तिनंच दिलेली हो! तीच! घडीसुद्धा मोडली नव्हती.

गेली तडक धुळ्याला. निरोप धाडला, मी काही नाव ठेवायला येत नाही. मी म्हटलं, मग आपणच ठेवू, माझ्या तोंडात नाव नाही का? तर ही यशोदाबाई, "आत्याबिगर नाव कोन ठेवस?" झालं. पोर जन्मली, बारावा दिवस गेला, महिना गेला. साडीवरनं रुसवा आणि पोर बिननावाची. तेव्हा कुणाला ठाऊक होतं तिच्या छातीत काय आहे?

कळलं, आणि टेबलवाल्यानं नाव मागितलं, तेव्हा मी रिक्षा काढली आणि ही अशीच मागे पोरीला घेऊन बसली, निघालो धुळ्याला. हायवेनं, रिक्षात, हो! एरंडोल गेलं, पारोळा गेलं, कुठे चहाला थांबलो नाही. कामिनीची गल्ली आली, थांबलो नाही, गल्लीत चकरा मारतोय. ती दारात, "नाना, थांबा ना! काय चाललंय?" म्हटलं थांबता येत नाही. तिला वाटलं नाटक करतोय म्हातारा. आली आडवी. दाबला ब्रेक...

रडली पोरगी. कामिनीनं वाकून बघितलं. टोपड्यातलं ते तोंड जांभळाच्या रंगाचं होत चाललेलं... तुम्हाला सांगतो साहेब, त्या बाईच्या तोंडचं पाणी पळालं. चप्पल दारातच, तशीच चढली रिक्षात, म्हणाली, "चला, नाना, चला!" आणि चालत्या रिक्षात, मागच्या सीटवर, पोरीच्या कानाशी लागून कुर्रर्र केलं. पाळणा नाही, घुगऱ्या नाहीत. नाव ठेवलं पुनम. आता पुनम आजकाल कोण ठेवतं? जावयांनी मोबाइलमध्ये शोधून काहीतरी तीन वळशांचं नाव काढून ठेवलं होतं. पण आत्यानं ठेवलं ते ठेवलं.

कुर्रर्र केलं की आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. घालणार कोण? यशोदाबाई एकटी. घातला एक. मग दुसरा घातला तो साडीचा असावा, कारण आरशात मला रिक्षा हललेली दिसली! आणि कामिनी रडत म्हणते, "मारा मावशी, आजून मारा." तशी ही रडायला लागली, "बठ्ठं मनंच चुकनं माय." सगळ्यांचं बरोबर असलेल्या एवढ्या दुनियेत 'माझं चुकलं' म्हणणाऱ्या या दोनच बाया भेटल्या मला, त्याही माझ्याच रिक्षात. मीही रडलो. समोरचं दिसेना, म्हशीवर जाणार होतो. आम्ही तिघं रडतोय आणि पोरगी आमच्याकडे टकाटका बघत गप्प!

वाटलं, सुटलो. नाव लागलं दाखल्यावर, गेलो कार्डाला. तिथला माणूस म्हणे, "आईचं नाव कुठेय?" लग्न झालं तेव्हा मयुरीचं नाव आमच्या कार्डावरून काढलं, सासरच्या, धुळ्याच्या कार्डावर चढवायचं राहून गेलं. माझी लेक ना जळगावात ना धुळ्यात! "आईच नाही तर मूल कुणाच्या खाली घालू, नाना?" बरोबर आहे, बाबा! तुझंही बरोबर आहे! आधी आई चढवली, मग लेक चढवली, मग मंजुरी आली. आणि नाशिकचे डॉक्टर म्हणाले, दिवाळीनंतर आणा. रांग आहे, पुढे बरीच पोरं आहेत. त्यांच्याशी भांडायला तोंड उघडलं होतं मी... पण ती पुढची पोरंही कुणाची तरी नातवंडंच ना? माझी आधी घ्या, कसं म्हणू? त्यांच्या आजोबाकडे रिक्षाही नसेल.

तोवर काय करू, विचारलं. म्हणाले, रडू देऊ नका.

भीती वाटते हो मला. बोलतोय एवढं ते त्याच्यामुळेच. गप्प बसलो की आरशात बघत बसतो, ओठ कसे आहेत, ओठ कसे आहेत... मयुरी घरी झोपलीय, रात्रभर पोरीला खांद्यावर घेऊन फिरते ती. तिलाही रडू देत नाही आम्ही. आई रडली की ही रडते.

आं? काय म्हणालात? चौफुली? अजिंठा चौफुली उतरायची होती? अहो मग बोलायचं ना, ती केव्हाच मागे गेली! ऑफिस आहे? उशीर झाला? साहेब झापतील?

तुमचंही बरोबर आहे, साहेब. पण जरा हळू बोला... बघा ना मागे, आत्ताच डोळा लागलाय तिचा. स्टँडला वळसा घालून परत आणतो तुम्हाला चौफुलीवर, पैसे नका देऊ. फक्त जसे चढलात, तसे पळतच उतरा.