ताठ पाठीचं माप

सुईत दोरा ओवल्याचाही आवाज आपल्याला ऐकू येतो, असं तो निवृत्त शिंपी स्वतःच सांगत असे. तेव्हा ग्रंथालयाच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या सासू-सुनेचं बोलणं त्याच्या कानावर पडलं, यात त्याचा काहीच दोष नव्हता.

“तिसऱ्यांदा तेच कपडे बेतायचं पुस्तक? परत करून टाक बाई.”

“नाही आई. अजून पंधरा दिवस ठेवणार.”

“माझे चार ब्लाउज वाया घालवलेस. सगळे मागून वर चढतात.”

“वाकलेल्या पाठीचं प्रकरण आहे यात. आकृती मी बरोबर काढते. मापच चुकतंय.”

“माप तूच घेतेस की.”

“आणि टेप लावली रे लावली, की तुम्ही शिपायासारख्या ताठ होता.”

“माप देताना ताठच राहायचं. आमच्या शिंप्यानं शिकवलंय.”

“म्हणून मग वर चढलेला ब्लाउज झाकायला भर उन्हाळ्यात शाल पांघरून हिंडता. तुमच्या धाकटीच्या लग्नातही पांघरणार?”

गिऱ्हाइकांना ‘ताठ उभं राहा’ असं आयुष्यभर सांगत आलेला निवृत्त शिंपी छताचा पंखा न्याहाळू लागला.

“पुस्तक ठेवायचं की परत?” टेबलामागच्या बाईंनी विचारलं.

“ठेवायचं,” म्हणत सासूबाईंनी शाल उतरवली. “टेप आहे ना पर्समध्ये? घे माप. आत्ता मी आहे तशी उभी आहे.”

मागच्या शिंप्यानं दोन पावलं सरकून जागा करून दिली.