नळाच्या दिवशीची सभा

आमच्या लातूरच्या वॉर्डात काय झालं, ऐका. विकासकामं ठरवायला नगरसेवक साहेबांनी सभा ठेवली, ती नेमकी नळाच्या दिवशी. आठवड्यातून एकदाच पाणी येतं. सगळी माणसं घरी हंडे भरत होती, मंडपात मी एकटा. आमच्या हिचे गुडघे गेलेत. पाणी दोनदा सोडा, एवढंच मागायचं होतं.

साहेब म्हणाले, "लोकांना विकासाची हौसच नाही."

"लोक पाणी भरून राहिलेत, साहेब."

तेवढ्यात हिचा फोन आला. "अहो, मला हंडे उचलना गेलेत. लवकर या!"

"हंडे उचलून आलोच, साहेब. मग मागणी सांगतो."

परत आलो, तर मंडपवाले दोर सोडून राहिले होते. वॉर्डाला व्यायामाची यंत्रं मंजूर झाली म्हणे.

घरी सांगितलं. ही म्हणाली, "का? हंडे कमी पडले का?"